चुकीचें कारण शोधा



रुग्णालयांत चूक झाली कीं लोक अपराधी शोधूं लागतात. आम्हांस वाटतें, आधीं कारण शोधावें. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत १८४६ सालीं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागांत शेंकडा ११ बाळंतिणी दगावल्या; सुइणींच्या विभागांत शेंकडा ३ हूनही कमी. डॉक्टर सेमेलवाइस यांनीं कारण हुडकलें: शवविच्छेदन करून आलेले हातच रोग नेत होते. त्यांत आपलेही हात होते, हें त्यांनीं लपविलें नाहीं. १८४७ च्या मे महिन्यापासून क्लोरीनच्या पाण्यानें हात धुणें सक्तीचें झालें. १८४८ सालीं त्या विभागांतील मृत्यु शेंकडा दीडहून खालीं आले.

झांकलेली चूक पुन्हा घडते. सांगितलेली चूक पुढील रोग्यास तारते. यास्तव रोग्याच्या आप्तांस सत्य कळावें, आणि चूक कबूल करणाऱ्यास अभय मिळावें, हीच आमची विनंति.