बायपासची वही



रासायनिक कारखान्यात एक वही असते. एखादा अलार्म किंवा इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) तात्पुरता बंद ठेवायचा, म्हणजे बायपास करायचा असेल, तर तिच्यात नोंद करावी लागते. कशासाठी, किती तास, सही कुणाची. नोकरीत असताना शिफ्टवर गेलो की मी आधी ही वही उघडायचो आणि त्यातली सर्वांत जुनी नोंद शोधायचो.

ही सवय भोपाळच्या दुर्घटनेमुळे लागली. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, असा कंपनीचाच नियम होता. त्यासाठी शीतकरण यंत्रणाही होती. पण कीटकनाशकाचा खप घटला, कारखाना तोट्यात गेला आणि जून १९८४ मध्ये ती यंत्रणा बंद केली गेली. तिच्यातला फ्रिऑन काढून दुसरीकडे वापरला. तापमान ११ अंशांवर गेलं की वाजणारा अलार्म होता. पण आता टाकी कायमच त्याहून गरम, त्यामुळे तोही कुचकामी झाला. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पाइप बदलायचा म्हणून बंद. विभागातली माणसं निम्म्यावर आणलेली.

२ डिसेंबरच्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड असती तर आतली रासायनिक क्रिया सावकाश झाली असती, वस्तीला पळायला वेळ मिळाला असता. हजारो माणसं गेली.

माणसं मेली तरी चालतील, असं त्या जूनमध्ये कुणी ठरवलं नसेल. खर्च तेवढा कमी करायचा होता. म्हणूनच मला वाटतं, सुरक्षेचा निर्णय उत्पादनाचा आकडा गाठायची जबाबदारी असलेल्या माणसाच्या हाती देऊच नये. तो वाईट असतो म्हणून नाही. त्याला रोज संध्याकाळी त्या आकड्याचा जाब द्यावा लागतो म्हणून.

एका कारखान्यात लेव्हल अलार्मच्या बायपासची नोंद होती आठ तासांची, आणि दिवस उजाडला होता एकोणिसावा. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "एवढा डिस्पॅच जाऊ द्या, मग बघू." मी सही केली नाही. थेट कारखानाप्रमुखांकडे गेलो. त्यांनी वही पाहिली आणि प्लांट थांबवायला सांगितलं. दीड तासात अलार्मचा नवा स्विच बसला.

तो स्विच एकोणीस दिवस आमच्याच स्टोअरमध्ये पडून होता.