घर आणि मध्यस्थ



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. दोन्हींत मध्यस्थ असतो. पण लग्नाच्या मध्यस्थाने सांगितलेल्या गोष्टीची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. घराच्या मध्यस्थाच्या हाती मात्र दुसऱ्याच भेटीत विसाराचे पाकीट ठेवून मोकळे होतो. या उतावळेपणाविषयी चार शब्द बोलावेत, असा आज आमचा विचार आहे.

याच रत्नागिरीत ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली बंदिवान होऊन आला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो राहायला गेला 1910 साली. राजाला चोवीस वर्षे थांबावे लागले, तेथे आपली काय कथा! पण थिबाला एक सूट होती. जागेचे कागद त्याला तपासावे लागले नाहीत. तुम्हांआम्हांस ती सूट नाही.

आणि आपल्या जिल्ह्यातले कागद म्हणजे साधे प्रकरण नव्हे. येथे पिढ्यान्‌पिढ्या खोती होती. वसुली खोताची, कसणे कुळाचे. 1948 साली कुळकायदा झाला, 1949 साली खोती उच्चाटनाचा कायदा झाला, आणि कसणाराचे नाव जमिनीला लागले. हे न्यायाचेच झाले. पण पुढे घरे वाढली, मुलगे मुंबईला गेले, वाटण्या ओटीवर बसून तोंडी झाल्या. कागदावर मात्र सारी नावे एकत्रच राहिली. म्हणून आज एखाद्या लहानशा तुकड्याच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावे दिसतात. त्यांतले निम्मे मुंबई-ठाण्यास, काही परदेशी, काही परलोकी!

अशा ठिकाणी दलाल हवाच. कोणती जागा विकाऊ आहे, कोणते भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, कोणत्या विहिरीचे पाणी मे महिन्यात आटते, हे त्याला ठाऊक असते. दलाल म्हटले की नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की दलालाने वाट दाखवावी. चालायचे आपल्याच पायांनी.

आमचीच गोष्ट सांगतो. शहराबाहेर पाच गुंठ्यांची बिनशेती जागा आम्हांला फार आवडली. चिऱ्यांचा गडगा शाबूत, कोपऱ्यात जुने कलम, समोर रस्ता. उताऱ्यावर सात नावे. दलाल म्हणाला, "सहाजण उद्या सही करतात. सातव्या आत्याबाई गिरगावात असतात, ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचं मी बघून घेतो. तुम्ही आज विसार द्या, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." पैसे आमच्या खिशात होते. तेवढ्यात आमच्या कुटुंबाने विचारले, "पण आत्याबाईंना कुणी विचारलंय का?" त्यावर तो नुसता हसला.

आम्ही गिरगावात गेलो. आत्याबाईंनी चहा दिला, सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला विकायचं नाही. पण तुम्ही विचारायला आलात, हे बरं केलंत." जागा हातची गेली. वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण विसार देऊन बसलो असतो, तर आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या, आणि त्या म्हातारीलाही झिजवायला लावल्या असत्या.

"बहिणींचं काय एवढं?" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याला तेथेच नमस्कार करावा. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. तसेच "खरेदीखत कशाला, मुखत्यारपत्रावर भागवू" असे कोणी म्हणाले, तर नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे, याचे स्मरण ठेवावे.

कायदा आपल्या पाठीशी नाही असे नाही. 2016 साली स्थावर संपदेचा कायदा झाला, 2017 पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदलेल्या करारावाचून बांधणाराला घेता येत नाही. पण आमच्या-तुमच्यासारखा जो गावातली सुटी जागा घ्यायला निघतो, त्याच्या दलालापर्यंत या कायद्याचा हात पोचत नाही. तेथे आपली सावधगिरी हाच कायदा.

ती सावधगिरी अवघड नाही. सातबारा एकटा पाहू नये. त्यामागचे फेरफार पाहावेत, आणि 'इतर हक्क' हा रकाना तर भिंग लावून वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, दुसऱ्याची वाट, सारे तेथे लपलेले असते. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल, तर तिच्या विक्रीवर कलम 43 ची बंधने असतात. तीस वर्षांचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, दलालाने आणलेल्या वकिलाकडून नव्हे. गडग्यावर विसंबू नये, सरकारी मोजणी करून घ्यावी. आणि जागा पाहायची ती ऐन आषाढात! जानेवारीत जी जागा मैदान दिसते, तिच्यातून जुलैत पऱ्या वाहतो.

दलालाशीही पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावे. तू कोणाचा माणूस, आमचा की विकणाराचा? दलाली किती, एका बाजूची की दोन्ही बाजूंची, आणि देणे कधी? आमच्या मते ती खरेदीखत नोंदल्यावर द्यावी. मालक सांगतो तो भाव एक, आणि आम्हांला सांगितलेला दुसरा, असे तर नाही ना? यात संकोच कसला? सचोटीच्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

असा माणूस आम्हांला पुढे भेटला. आम्ही आज ज्या घरात राहतो, ती जागा दाखवताना तो आपणहून म्हणाला, "या उताऱ्यावरचं एक नाव मयत आहे. वारसनोंद होईपर्यंत एक पैसा देऊ नका." त्या एका वाक्याने त्याची स्वतःची दलाली आठ महिने लांबली. ती देताना आम्हांला जो आनंद झाला, तो क्वचितच एखादी रक्कम देताना झाला असेल.

श्रोतेहो, घर म्हणजे चार भिंती आणि वर कौले, एवढेच नव्हे. ज्या जमिनीवर ते उभे राहते, तिच्यावर कोणाचा निःश्वास राहू नये. दलाल जागा मिळवून देईल, कागदही जमवून देईल. पण निर्धास्त झोप मिळवायची, तर उताऱ्यावरच्या शेवटच्या नावापर्यंत आपणच चालत जायला हवे.