परीक्षेची तारीख आणि मुलांची झोप

आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याहून आपल्या गावात येते, मुक्काम करते आणि वेळापूरच्या वाटेला लागते. 2020 साली करोनामुळे हा रस्ता रिकामा राहिला. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि 1 जुलैची आषाढी आपल्या दारात दिंडी न उतरताच पार पडली. मोठ्या माणसांना त्याची चुटपुट लागली, आणि ती त्यांनी बोलून दाखवली. त्याच घरांत पुण्याहून, सोलापूरहून वळकटी बांधून परत आलेली वीस-बावीस वर्षांची मुलं होती. त्यांच्या जिवाची घालमेल फारशी कुणी विचारली नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आजाराची धास्ती सगळ्यांनाच होती. मुलांना त्यावर आणखी एक भार होता, तारखांचा. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली. अंतिम वर्षाची परीक्षा नको, असं राज्य सरकार म्हणालं. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी नाही, फार तर राज्यांनी मुदत वाढवून मागावी. स्पर्धा परीक्षांची तर त्याहून दैना. एप्रिल 2020 मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे जात जात 14 मार्च 2021 वर आली, आणि तीही तीन दिवस आधी पुढे ढकलली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे 21 मार्चला पेपर झाला. त्या मुलांना उतावीळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वय वाढत होतं, खोलीचं भाडं थकत होतं आणि गावी स्थळं येत होती.

संकट कधी येणार हे ठाऊक असलं, की शरीर कंबर कसतं आणि ते टळलं की सैलावतं. तारीखच हलत राहिली तर सैलावायची वेळच येत नाही. मग छाती धडधडते, पोटात गोळा येतो, रात्री डोळा लागत नाही आणि सकाळी पुस्तक उघडवत नाही. घरच्यांना दिसतो तो आळस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे विकार 25 टक्क्यांनी वाढले, आणि तरुणांना व स्त्रियांना त्याची झळ जास्त बसली.

याच तालुक्यातली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याशी फोनवर बोलायची. घरात रेंज नव्हती, म्हणून उसाच्या बांधावर लिंबाखाली बसून तास ऐकायची. फोन एकच, तोही धाकट्या भावाबरोबर वाटून. आई म्हणायची, "दिवसभर मोबाईल घिऊन बसतीयास, अभ्यास कवा करणार?" रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती परीक्षेच्या बातम्या चाळायची. आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. रात्री दहानंतर फोन आईच्या उशाशी. झोप लागो न लागो, उठायची वेळ एकच. तिन्हीसांजेला पंधरा मिनिटं वहीत काळज्या लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे खूण करायची, आपल्या हातातली की नाही. "परीक्षा कधी होणार" यापुढे फुली पडली, "तिसरं प्रकरण" यापुढे बरोबरची खूण.

पण खरा फरक पडला तो तिच्या चुलतीमुळे. संध्याकाळच्या भाकरी चुलतीने स्वतःकडे घेतल्या आणि पोरीला म्हणाली, "जा, कालव्याच्या कडनं एक फेरी मारून ये." "स्वतःची काळजी घ्या" हे सांगणं सोपं आहे. जिथे एका खोलीत पाच माणसं झोपतात आणि मुलीच्या हातातलं काम संपत नाही, तिथे तो वेळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. मी आयांना, चुलत्यांना, भावांना मुद्दाम हे सांगतो आहे.

2021 च्या दुसऱ्या लाटेत काही मुलांनी घरातलं माणूस गमावलं आणि शेवटचं तोंडही पाहिलं नाही. त्यांना वही आणि फेरी पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, बोलणं बिघडलेलं असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर डॉक्टर गाठायचा, आणि दुसऱ्या बाबतीत त्याच दिवशी. मुलाला विचारायचं, "असं काही मनात येतं का?" विचारल्याने तो विचार बळावतो हा गैरसमज आहे. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. 14416 हा नंबर लिहून घ्या. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं हे आधी ठरवायची गरज नाही. "झोप लागत नाही" एवढं म्हटलं तरी पलीकडचं माणूस पुढचं विचारतं. इथल्या अभ्यासिकांच्या चालकांना माझी विनंती आहे की हा नंबर परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारीच, ठळक अक्षरांत लावा.