नाव रुग्णाचं राहिलं



राहण्या-जेवणाची तक्रार असेल तर थेट माझ्याकडे या; स्वागताध्यक्षाला दुसरं काम नसतं.

प्लास्टिक सर्जरीची परिषद पुण्यात भरायला कारण जुनं आहे. टिपूबरोबरच्या 1792 च्या लढाईत इंग्रज फौजेतला कावसजी हा गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक कापलं, एक हातही. वर्षभराने पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एकाने मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर सपाट पसरलं, तेवढी कातडी उचलली आणि भुवयांमधला देठ राखून खाली वळवली. देठातून रक्त मिळत राहिलं. सुमारे 25 दिवसांनी तो कापला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने 1794 मध्ये ही हकीकत छापली. पुढे 1814 मध्ये सर्जन जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये तेच करून दाखवलं. आपला कपाळाचा फ्लॅप मुळात हाच. करणाऱ्याचं नाव त्या हकीकतीत नाही, रुग्णाचं आहे. मला हा क्रम आवडतो.

आमच्या भागात मायक्रोस्कोपखाली बोटं जोडायला मी सुरुवात केली, तेव्हा येणारे बहुतेक हात कडबाकुट्टीत सापडलेले. एका बाईंचा उजवा अंगठा थेट बर्फात घालून आणला होता. गोठला, वाया गेला. (आधी ओलं स्वच्छ फडकं, मग पिशवी, मग पिशवी बर्फावर. आपापल्या तालुक्यात सांगत राहा.) नंतर पायाचं बोट अंगठ्याच्या जागी बसवलं. केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या शिवल्या, बोट गुलाबी झालं, आम्ही खूश. बाई म्हणाल्या, “डॉक्टर, भाकरी थापता येईल ना?” पकड मोजायचं यंत्र होतं माझ्याकडे, या प्रश्नाला ते काय कामाचं? काही महिन्यांनी फिजिओथेरपीत परात आणि ज्वारीचं पीठ मागवलं. भाकरीच्या कडा फाटल्या, पण झाली.

तेव्हापासून शस्त्रक्रियेआधीच विचारतो, या हाताने काय करायचंय? एका गवंड्याने अंगठाच नको म्हटलं. जखम शिवा, मला कामावर जाऊ द्या. तसंच केलं. तरुण सहकारी नाराज झाले, मी नाही.

म्हणून उद्या पहिल्या सत्रातले पहिले वक्ते रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी वेळेची घंटा नाही. आपल्यासाठी मात्र ती आठव्या मिनिटाला वाजेल, आणि मीच वाजवणार आहे.