कोयत्याच्या हिशेबात बाई कुठे?

आम्ही इंझोरीच्या बचतगटातल्या बाया बोलतोय.

दिवाळी झाली की आपल्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिललाच परततात. तिकडचं त्यांचं जगणं आपल्याला कोण सांगतं? म्हणून यंदाच्या बैठकीत बचत-हप्ते आटोपल्यावर आम्ही परमुलखात पोट भरणाऱ्यांच्या दोन गोष्टी ऐकवल्या.

पहिली अण्णा भाऊ साठेंची ‘स्मशानातील सोनं’. वारणाकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग पोटासाठी तो मसणातल्या राखेत सोनं शोधू लागतो आणि त्यातच हाताची बोटं गमावतो. तेव्हा कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. ऐकताना सगळ्या गप्प झाल्या.

दुसरी फिलिपाईन्सच्या बिएनवेनिदो सांतोस यांची. नाव ‘सफरचंदांचा गंध’ असं म्हणता येईल. त्या देशातले हजारो तरुण शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मळ्यांवर राबायला गेले. त्यांच्यातलाच एक, फाबिया. आता त्याची सफरचंदाची बाग आहे, पण घर पडकं. देशातून एक पाहुणा भाषण द्यायला आलाय म्हणून तो तीस मैल गाडी हाकत जातो आणि विचारतो, आमच्याकडच्या बाया अजून वीस वर्षांपूर्वीसारख्याच आहेत का हो? निरोप देऊ का, असं पाहुणा विचारतो, तर म्हणतो, नको, आता मला तिथं कोण ओळखणार!

आमच्या बायांचं लक्ष मात्र त्याच्या बायकोवर गेलं. रूथ तिचं नाव, अमेरिकन. भर हिवाळ्यात त्याच्या पोटात असह्य दुखलं, तेव्हा बर्फातून ओढत-उचलत तिनंच त्याला गाडीपर्यंत नेलं. दवाखान्याचे पैसे फेडायला तिनंच तिथं पडेल ती कामं केली.

एक काकू म्हणाल्या, “आपल्याकडच्या रूथची गोष्ट कोण लिहिते?”

खरंच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, फेडायला मात्र दोघं राबतात. पहाटे फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. तोडीला जाणाऱ्या बाईचं नाव गटातून कमी करायचं नाही. तिची बचत आधी किंवा परतल्यावर घ्यायची, गैरहजेरीचा दंड नाही. दुसरं, उचल किती, कोणाकडून घेतली, किती फिटली, हे तिनं स्वतःच्या वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यायचं. तिसरं, परतल्यावर पहिल्या बैठकीत तिनं बोलायचं आणि आम्ही लिहून ठेवायचं.

तुमच्या गटातली कोणती बाई यंदा कोयत्यावर जातेय? ती निघायच्या आधी तिला एक वही नक्की द्या.