हाताला पोचणारी फळी

(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दरूप)



पालकसभांतून एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. ‘मुलं हल्ली वाचत नाहीत, मराठी तर मुळीच नाही.’ या तक्रारीमागचा कळवळा खरा असतो. पण तिच्या जोडीने विचारायला हवा असा एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. घरात मुलाची पुस्तके राहतात कोठे?

उत्तर शोधू लागले की पुष्कळशा घरांचे एकसारखे चित्र उभे राहते. काही पुस्तके दप्तरात, काही पलंगाखालच्या खणात. वाढदिवसाला मिळालेली गोष्टींची पुस्तके फाटतील म्हणून माळ्यावर. उरलेली दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, करंडकांच्या मागे. आणि त्या कपाटाची किल्ली मोठ्यांकडे. देवांना देवघर असते, दूरदर्शन संचासाठी अख्खी भिंत राखलेली असते, चपलांनासुद्धा दाराशी मांडणी असते. पुस्तकाला तेवढी हक्काची जागा नसते. ज्या वस्तूला घरात जागा नाही, तिला मुलाच्या दिवसात जागा कोठून मिळणार?

म्हणून आजचा विषय मुद्दामच लहान घेतला आहे: मुलाच्या खोलीत, घरच्या माणसांनी आपल्या हातांनी केलेली पुस्तकांची मांडणी. विषय लहान असला तरी त्याचा विचार एका मोठ्या शहराच्या उभारणीत झालेला आहे. ते शहर म्हणजे चंडीगढ.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाब राजधानीविना राहिला. निर्वासितांच्या त्या काळात पंडित नेहरूंच्या आग्रहाने नवी राजधानी वसवण्याचे ठरले. आराखड्याची सूत्रे ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडे आली. परंतु तो वर्षातून थोडेच दिवस येत असे. तेथे राहून, उन्हातान्हात उभे राहून शहर प्रत्यक्ष उभे केले ते त्याचा चुलतभाऊ पिएर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य आणि त्यांच्यासोबतचे तरुण भारतीय वास्तुविशारद यांनी. त्या भारतीय चमूत युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर हे मराठी आडनावही आढळते.

या मंडळींपुढे सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांचा प्रश्न होता. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत, हुद्द्यानुसार तेरा प्रकारची घरे आखायची होती आणि पैसा अगदी बेताचा होता. सर्वांत लहान घर दोन खोल्यांचे. अशा घरात येणारे कुटुंब कपाटे विकत घेऊ शकणार नाही, हे आखणाऱ्यांनी ओळखले. म्हणून त्या घरांच्या भिंतीतच विटांचे कोनाडे आणि फळ्या बांधून काढल्या. वस्तू ठेवण्याची सोय हा घराचाच भाग मानला गेला. कोनाडा आपल्या जुन्या वाड्यांनाही परका नव्हता. दिवा, पोथी, अडकित्ता यांची जागा त्या वाड्यांच्या भिंतीत ठरलेली असे. नव्या सदनिकांच्या भिंतींतून तो कोनाडा नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर पोथीची जागाही गेली.

घरे झाली, कचेऱ्या झाल्या, विद्यापीठ झाले. पण त्यांत ठेवायचे सामान कोठून आणायचे? जान्नरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खुर्च्या, मेजे, बाके आणि पुस्तकांच्या मांडण्या स्वतःच आखल्या. लाकूड सागवानी किंवा शिसवी, बैठकीला वेताची वीण, आणि काम स्थानिक सुतारांचे. आखणी एक, पण ती निरनिराळ्या हातांनी घडलेली. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही थोडा फरक राही. स्वतःच्या घरासाठी तर जान्नरेने बांबू, दोरी आणि लोखंडी सळ्या अशा हाताशी असलेल्या साहित्यातून सामान करून घेतले. १९५१ साली आलेला हा माणूस १९६५ पर्यंत चंडीगढमध्येच राहिला. १९६७ मध्ये त्याचे निधन झाले आणि पुढे त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी तेथील सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. सेक्टर ५ मधील त्याचे घर आज संग्रहालय आहे.

यापुढची हकिकत पालकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. काही दशके उलटली. वेत तुटला, पाय डुगडुगू लागले. लोखंडी कपाटे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. जुने सामान गच्चीवर आणि आवारात उन्हापावसात रचले गेले, आणि पुढे भंगाराच्या भावाने लिलावात निघाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, दुरुस्त केले, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपयांची बोली लागू लागली. पाठीवर सरकारी खात्याचे नाव आणि क्रमांक रंगवलेला असे. तोच आता अस्सलपणाचा दाखला ठरला. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारशाच्या विक्रीवर बंदी घालणारा आदेश काढला. तोवर पुष्कळसे हातचे गेले होते.

येथे दोष कोणा कारकुनाला देण्यात अर्थ नाही. त्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्याला ती कोणी केली, कशी केली, हे कधी कोणी सांगितलेच नव्हते. ज्या वस्तूच्या घडण्यात आपला हात नाही आणि जिची कथाही ठाऊक नाही, ती वस्तू मोडली की अडगळ होते. मुलाच्या खोलीतील महागड्या तयार कपाटाचे नेमके हेच होते. ते एका दुपारी येते, मुलाला न विचारता भिंतीला लागते, आणि सहा महिन्यांत त्यावर कपड्यांचा ढीग साचतो. याउलट जी फळी मुलाने स्वतः घासून गुळगुळीत केली, तिच्यावर ओला पेला ठेवायला ते दुसऱ्यालाही मनाई करते.

लहान मुलांच्या उंचीचे सामान ही कल्पना शिक्षणक्षेत्राला नवी नाही. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी बालगृह सुरू केले. तेथील कपाटे ठेंगणी ठेवली, कारण मुलाने वस्तू स्वतः घ्यावी आणि स्वतः परत ठेवावी. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हा विचार आणला आणि त्यातला खर्चिक भाग बाजूला काढला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. त्यांची शैक्षणिक साधने शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तूंची असत. मुलाच्या हाताला पोचेल आणि खिशाला परवडेल, असे साधन घडवता येते हे त्यांनी दाखवून दिले. पुस्तकांच्या मांडणीलाही हीच कसोटी लावावी.

ही मांडणी करायची कशी? सात-आठ वर्षांच्या मुलासाठी साडेतीन फूट उंची पुरेशी होते. रुंदी अडीच फूट, खोली नऊ ते दहा इंच. फळ्या पाऊण इंच जाडीच्या. तळाचा कप्पा चौदा इंच उंचीचा, कारण चित्रांची पुस्तके आकाराने मोठी आणि जड असतात. मधला अकरा इंचांचा, वरचा दहा इंचांचा. तळाची फळी जमिनीपासून तीन इंच वर ठेवावी, म्हणजे फरशी पुसतानाचे पाणी लाकडात मुरत नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला ही मांडणी लावूच नये.

फळी अडीच फुटांपेक्षा लांब का करू नये, याचे उत्तर गणिताच्या शिक्षकांनी वर्गात द्यावे इतके सुंदर आहे. जाडी आणि फुटामागचे वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली, तर फळीचा वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडी दुप्पट केली, तर तोच वाक आठव्या हिश्श्यावर येतो. भुशाच्या तयार पाट्यांचे कप्पे वर्षभरात मधोमध झोळीसारखे लोंबू लागतात ते उगाच नव्हे.

लाकूड नवेच हवे असे नाही. बहुतेक घरांच्या माळ्यावर जुन्या दाराची झडप, मोडका पाळणा, आजोबांच्या पेटीचे झाकण पडलेले असते. ते आधी नीट तपासावे. आत राहिलेले खिळे उपसावेत, वाळवीची माती किंवा भुसा दिसल्यास ते लाकूड घरात घेऊ नये. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. तसा रंग मुलासमोर घासू नये, ते लाकूड सरळ सुताराकडे रंध्यासाठी द्यावे. करवत आणि ड्रिल मोठ्यांच्या हाती. मुलाकडे मोजपट्टी, गुण्या, पेन्सिल आणि पॉलिश कागद. दोनदा मोजावे, एकदाच कापावे, हा सुताराचा धडा मूल एका दुपारी शिकते. वहीत तो शिकवायला अर्धे वर्ष जाते. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावी.

एक गोष्ट विसरू नये. मांडणी वरच्या बाजूला दोन लोखंडी कोनांनी भिंतीला पक्की जखडावी. लहान मूल कप्प्यांना शिडी समजते आणि सुटी मांडणी अंगावर येऊ शकते. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घराने हे काम पुस्तके लावण्यापूर्वी करावे.

आता पुस्तके लावण्याविषयी. मोठ्यांना विषयवार किंवा अकारविल्हे रचना सुचते. मुलाला सुचेलच असे नाही. कोणी रंगाने लावील, कोणी उंचीने, कोणी ‘आवडती’ आणि ‘नावडती’ असे दोनच गट करील. करू द्यावे. आपल्या पुस्तकांचे वर्गीकरण करण्याची ती पहिली खटपट असते, आणि महिन्याभरात ती आपणहून बदलते. वरच्या कप्प्यात तीन-चार पुस्तके मुखपृष्ठ समोर ठेवून उभी करावीत, कारण ज्याला अजून कण्यावरचे नाव भराभर वाचता येत नाही, ते मूल चित्राने पुस्तक निवडते. अंकांसाठी एक खोका राखावा. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक पुष्कळ घरांत आईवडिलांच्या लहानपणापासून पडून असतील. ते माळ्यावरून खाली यावेत. आईने तिच्या शाळेत वाचलेला अंक मुलाच्या फळीवर आला, की मराठी हा केवळ आठ तासिकांपैकी एका तासिकेचा विषय राहत नाही.

फळी केली म्हणजे मूल वाचू लागेल, असे वचन मात्र कोणी देऊ नये. उत्तम आखणीच्या मांडण्यासुद्धा गच्चीवर गंजत-कुजत पडल्या, हे चंडीगढनेच दाखवले. फळीसमोर रात्री दहा मिनिटे बसणारे मोठे माणूस नसेल, तर ती भिंतीची शोभा होते. पण एवढे खरे, की पुस्तक हाताला पोचत असेल तर कंटाळलेल्या एखाद्या दुपारी ते उचलले जाण्याची शक्यता असते. कुलपाआड असेल तर तीही नसते.

या शाळेचा साठ वर्षांचा प्रवास ज्या माजी विद्यार्थ्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आता नातवंडे आहेत. बाकावर कोरलेली नावे त्यांना आजही आठवतात. ते बाक आपले वाटले, कारण त्यावर हात फिरलेला होता. नातवंडाला देण्यासारखे पुष्कळ काही बाजारात मिळते. त्याच्यासोबत एक रविवार घालवून, माळ्यावरच्या लाकडातून अडीच फुटांची एक फळी त्याच्या हाताच्या उंचीवर बसवून द्यावी आणि तिच्यावरचे पहिले पुस्तक स्वतःच्या संग्रहातले ठेवावे. फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने दिनांक घालावा आणि करणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. पुढे कधी ती भंगारात काढायची वेळ आली, तर उलटी करून पाहणाऱ्याला ती कोणी केली हे कळेल, आणि त्याचा हात क्षणभर थांबेल.