आपल्या वृद्ध माणसासाठी घर निवडताना



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा मनुष्य युनियनचा, तो बोनस, महागाईभत्ता किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी कशावर तरी बोलेल. मी कळविले की, घरातील वृद्ध माणसासाठी लहानसा वृद्धाश्रम कसा निवडावा, यावर बोलेन. चालक मंडळी जरा विचारात पडली. परंतु हा विषय माझ्या कामाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. गेली तीस वर्षे मी जिनिंग-प्रेसिंगच्या आणि गिरण्यांच्या कामगारांत वावरतो आहे. ज्यांच्या तरुणपणी मी त्यांच्याबरोबर गेटवर उभा राहिलो, ते आता म्हातारे झाले आहेत. पूर्वी ते मला पगाराचे विचारीत. आता विचारतात, "भाऊ, आमची बुढी कुठे ठेवावी?" या प्रश्नाचे उत्तर देणे हेही माझ्या कामातच येते.

हा प्रश्न आजच एवढ्या जोराने का उभा राहिला? बडनेऱ्याची विजय मिल गेली, अकोल्याची सावतराम मिल गेली. अचलपूरची फिनले मिल २०२०च्या टाळेबंदीत जी थांबली, ती थांबलीच. गिरणी थांबली की मुलगा पुण्याला, चाकणला, मुंबईला जातो. तेथे त्याला एका खोलीत दोन लेकरांसह राहावे लागते, आणि इकडे दोन खोल्यांत आई एकटी राहते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरांतील जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. आज तो आकडा वाढलेलाच असणार. तेव्हा "आजकालची पोरे वाईट निघाली" एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. पोरे वाईट असतील त्यांना आपण नावे ठेवू. पण चांगल्या पोरांपुढेही हा प्रश्न आहे, आणि आज मी बोलतो आहे तो त्यांच्याशी.

पहिली अडचण मनाची असते. "लोक काय म्हणतील?" मंडळी, लोक तर आई घरात एकटी पडून राहिली, न्हाणीत घसरली आणि सकाळपर्यंत कोणाला कळले नाही, तरीही म्हणतातच. ठेवणे आणि टाकणे यांत फरक आहे. आपल्या माणसाची सोय पाहून, त्याला विचारून, त्याच्याशी संबंध राखून ठेवणे निराळे, आणि दारात सोडून पाठ फिरविणे निराळे. पाठ फिरविणे हा २००७च्या कायद्याने गुन्हाच ठरविला आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आणि निराधारास आसरा देणे ही काही साहेबांच्या देशाची चाल नव्हे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ-पंगुगृह, ज्याला आज लोक 'निवारा' म्हणतात, १८६३ साली निघाले. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा घ्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांत स्वतःच्या नात्यागोत्याची सोय लावू दिली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचा देह पडला, तेव्हा मागे संस्था राहिल्या, खासगी मालमत्ता राहिली नाही. याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनाचे काम आरंभिले. ज्यांना घरच्यांनी शिवायचे सोडले होते, त्यांच्या हाताला त्यांनी काम दिले. तेव्हा आपल्या मुलखाला आसऱ्याचा धडा नवा नाही. दुसऱ्याने चालविलेल्या घरी आपले माणूस पाठवायचे, तर ते घर पारखावे कसे, एवढेच आपण शिकलेलो नाही. कापूस विकायला नेताना आपण दहा व्यापाऱ्यांना विचारतो. आईला नेताना एका फोनवर भागवतो.

या पारखीचा माझ्या घरातला एक अनुभव सांगतो. माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, अकोल्यास राहत असे. मूलबाळ नाही. उमेदीची पंचवीस वर्षे तिने जिनिंगमध्ये कपाशी वेचण्यात घालविली. अठ्ठ्याहत्तरीत गुडघे गेले. आम्ही पुतणे बसलो, चार जागा काढल्या आणि आमच्यातच चर्चा सुरू केली. ती कोपऱ्यातून म्हणाली, "ज्याले रायाचं त्याले विचारा ना! जागा पाहाले मले न्या. भाकर मले खायाची हाय." आम्ही तिला नेले.

पहिल्या घरी फरशी चकचकीत, भिंतीवर देवांच्या तसबिरी, व्यवस्थापक गोड बोलणारा. आम्हां पुतण्यांना जागा पसंत पडली. मोठी माय मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईजवळ बसली. विचारले, "बाई, तुहा पगार कितीक? अन् भेटते का टायमावर?" बाईने दाराकडे पाहिले आणि हळूच सांगितले की, दोन महिन्यांचा राहिला आहे, रात्रीही तिलाच थांबावे लागते, दुसरी बाई सोडून गेली. बाहेर आल्यावर मोठी माय आम्हाला म्हणाली, "जिले पगार नाई भेटत, ते मले रातच्याले पाणी काऊन देईन? अन् देल्लं तरी ते तिची भलाई. भलाईवर किती दिवस राहू मी?"

मंडळी, तीस वर्षे मी मजुरीच्या प्रश्नावर भाषणे करतो आहे. पण वृद्धाश्रमाची परीक्षा इतक्या थोड्या शब्दांत मी कोणाकडून ऐकली नव्हती. म्हणून माझी पहिली सूचना हीच आहे. कचेरीत बसू नका, काम करणाऱ्या बायांशी बोला. किती माणसांमागे किती बाया? रात्री किती? किमान वेतन मिळते का, वेळेवर मिळते का, आठवड्याची सुटी आहे का? सर्वांत जुनी बाई किती वर्षांची आहे? जेथे दर तीन महिन्यांनी बाई बदलते, तेथे तुमच्या आईला कोणत्या कुशीवर झोप लागते हे कोणालाच ठाऊक नसणार. बारा-बारा तास राबून थकलेल्या हाताने सेवा होत नाही, उरक होतो. सेवा करणाऱ्या बाईचा हक्क आणि म्हाताऱ्या माणसाचे सुख या दोन निराळ्या गोष्टी नाहीत.

दुसरी परीक्षा वेळेची. सांगून जाऊ नका, आणि एकदाच जाऊ नका. एकदा जेवणाच्या वेळी जा आणि ताटात काय पडते ते पाहा. भाकर मऊ आहे का, दात नसलेल्यांना वरण-भात कालवून देतात का? एकदा दिवेलागणीनंतर जा. एका घरी मी रात्री नऊला गेलो, तर बाहेरून कुलूप होते आणि किल्ली रस्त्यापलीकडे राहणाऱ्या माणसाकडे होती. आत अकरा माणसे. आग लागली तर काय, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने उत्तर दिले नाही.

तिसरी परीक्षा आपल्या हवेची आणि पाण्याची. हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. मे २०२४ मध्ये उष्म्यामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता, हे आपणांस आठवत असेल. अशा उन्हाळ्यात टिनाच्या छपराखालची खोली म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हातारपणी तहान मंदावते, शरीर तापल्याचे लवकर उमगत नाही. तेव्हा वर स्लॅब आहे की टिन, कूलर किती माणसांत एक, वीज गेली तर पंखा कशावर चालतो, दुपारी कोणी फिरून पाणी पाजते का, हे विचारावे. आणि पाणी कोणते? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे जागा स्वस्त मिळते म्हणून घर काढले असेल, तर बोअरचे पाणी खारट असते. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याला ते चालणार नाही. नळाचे पाणी येते का, किती दिवसांआड येते, साठवण केवढी, हे टाकीचे झाकण उघडून पाहावे.

चौथी परीक्षा संडास-न्हाणीची. खाटेपासून किती पावले, मध्ये उंबरठा आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का, रात्री दिवा जळतो का, बसायला कमोड आहे का. आणि दवाखाना. येथे इर्विन किंवा अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय किती दूर, आणि मध्यरात्री तेथे नेणार कोण? सत्तरीपुढील प्रत्येकास ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. ते कार्ड आधीच काढून ठेवावे.

पाचवी परीक्षा कागदाची. संस्था नोंदलेली आहे का, ट्रस्ट असल्यास धर्मादाय कार्यालयात हिशेब दाखल होतो का, पैशाची पावती मिळते का? करार लेखी असावा. अनामत किती, आणि माणूस परत आले किंवा वारले तर ती किती दिवसांत परत? दर किती वाढणार? आणि सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे माणूस अंथरुणाला खिळले किंवा स्मृती गेली, तर ठेवणार की घरी पाठविणार? पुष्कळ लहान घरे फक्त चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात. त्यांचीही अडचण असते. पण ते आज कळले पाहिजे, त्या दिवशी नव्हे. पासबुक आणि ए.टी.एम. कार्ड वृद्धाच्या स्वतःच्या किंवा त्याने नेमलेल्या नातलगाच्या हाती राहावे. पेन्शनीसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कोण काढून आणणार, हेही ठरवून घ्यावे. नाही तर जिवंत माणसाची पेन्शन बंद पडते. अशी प्रकरणे घेऊन मी अनेकदा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आहे.

कोणी विचारील, लहान घर बरे की मोठी संस्था? दहा-बारा माणसांच्या घरात प्रत्येकाला नावाने हाक मारतात, आवडनिवड कळते. पण ते घर एका माणसाच्या उमेदीवर चालते. तो आजारी पडला की घर आजारी पडते. मोठ्या संस्थेत नियम असतो, विश्वस्त असतात, पण कधी कधी माणसाचा खाट-नंबर होतो. मोठ्या मायने लहान घर निवडले, कारण तेथे दोन बाया सहा वर्षे टिकून होत्या आणि अंगणात तिच्या तुळशीला जागा होती. तेथे ती तीन वर्षे राहिली. दुसऱ्या वर्षी तिथल्या बायांना दिवाळीची सुटी मिळावी म्हणून तीच मालकाशी भांडली, आणि सुटी मिळाली.

आता पैशाचा प्रश्न, कारण येथेच गरिबाचे भाषण संपते आणि सुस्कारा सुरू होतो. मी ज्या घरांत विचारले, त्यांतील बहुतेकांनी महिन्याची पाच आकडी रक्कम सांगितली. आणि गिरणी कामगाराची पेन्शन? १९९५च्या योजनेखाली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. ती ७५०० करा म्हणून आपल्या शेजारच्या बुलढाण्यातून देशभर आंदोलन गेले. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये २०२३ पासून झाले. या रकमांत निवाऱ्याचा हिशेब बसत नाही. सरकारने १९६३ पासून वृद्धाश्रमांना अनुदान दिले, १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. २००७च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी निवास काढण्याचा मार्ग सांगितला. परंतु तेथे शब्द 'काढावेच' असा नाही, 'काढू शकेल' असा आहे. कामगार चळवळीत आम्ही या दोन शब्दांतील अंतर चांगले ओळखतो. ते अंतर मागणीने भरून निघते, अर्जाने नव्हे.

त्याच कायद्यातील आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे वृद्धास महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. आणि मूलबाळ नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, त्या पुतण्या-भाच्यावरही ही जबाबदारी आहे. दुसरी गोष्ट बक्षीसपत्राची. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते रद्द करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट सिद्ध झाली पाहिजे असे म्हटले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावला. तरीही माझा सल्ला एकच. अट कागदावर लिहून घ्या. मदतीसाठी १४५६७ हा फोन नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या मुलखात सहकारी जिन झाले, सहकारी पतपेढ्या झाल्या. मग दहा-बारा कुटुंबांनी मिळून एक बैठे घर भाड्याने घ्यावे, चार बाया योग्य पगारावर, पाळीपाळीने नेमाव्या, महिन्याचा हिशेब भिंतीवर लावावा, हे का होऊ नये? एकट्याला जो खर्च झेपत नाही तो दहांना वाटून झेपतो, एवढीच तर युनियनची सारी शिकवण आहे. ज्यांना यात रस असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. मी वही घेऊन आलो आहे.

आणि ज्यांनी आपले माणूस आधीच अशा घरी ठेवले आहे, त्यांना एवढेच म्हणतो: जात राहा. अमरावती-अकोला रस्त्याचा पंचाहत्तर किलोमीटरांचा पट्टा २०२२च्या जून महिन्यात पाच दिवसांच्या आत डांबरून झाला आणि जगात विक्रम झाला. रस्ता आता चांगला आहे. आईला भेटायला न जाण्याचे ते कारण तरी उरलेले नाही.